‘आम्ही’ आणि ‘आपण’ : व्हिएतनाम-युद्धविरोधी अमेरिकन चळवळीच्या भाषेचा विचार

१

एखादी लोकचळवळ वाढली असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या वाढीचे माप बहुधा संख्येने घेतले जाते. व्हिएतनाम-युद्धाविरुद्ध अमेरिकेत उभ्या राहिलेल्या चळवळीच्या बाबतीत हे माप घेणे सोपे आहे. १७ एप्रिल १९६५ रोजी वॉशिंग्टन येथे विद्यार्थ्यांनी काढलेल्या पहिल्या मोठ्या मोर्चात सुमारे वीस हजार लोक होते. १५ नोव्हेंबर १९६९ रोजी त्याच शहरात अडीच लाखांहून अधिक लोक जमले. साडेचार वर्षांतील ही वाढ डोळ्यांत भरण्यासारखी आहे. परंतु संख्या ही वाढीची साक्ष आहे, वाढीचे कारण नव्हे. वीस हजारांची भाषा लाखोंना आपली कशी वाटू लागली, हा प्रश्न संख्येने सुटत नाही.

ह्या प्रश्नाकडे भाषेच्या अंगाने पाहणाऱ्यांनी आजवर दोन गोष्टींवर अधिक भर दिला आहे. पहिली, राज्यकर्त्यांच्या शब्दांतील लपवाछपवी. खेडी उद्ध्वस्त करण्याला ‘शांतता प्रस्थापित करणे’ म्हणावयाचे आणि मृतांच्या मोजदादीला प्रगतीचे गणित समजावयाचे, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. जॉर्ज ऑर्वेल ह्यांनी १९४६ मध्येच राजकीय इंग्रजीच्या ह्या दोषावर बोट ठेवले होते. दुसरी गोष्ट म्हणजे चळवळीच्या विचारांची उत्तरोत्तर वाढत गेलेली धार. बाँबवर्षाव थांबवा, येथपासून निघालेली भाषा सबंध समाजव्यवस्थेलाच आव्हान देण्यापर्यंत पोहोचली आणि हीच तिची परिपक्वता होय, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो.

हे दोन्ही विचार निरर्थक नाहीत. पण वाढीचे रहस्य त्यांच्यात सापडत नाही. सरकारी शब्दांचे ढोंग १९६५ मध्येही उघडे होते, तरी मोर्चे लहानच होते. आणि चळवळीतील सर्वांत जहाल भाषा ज्या महिन्यात बोलली गेली, त्याच महिन्यात ती ऐकणारे सर्वांत थोडे होते, हे पुढे दिसून येईल. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ह्या चळवळीच्या वाढीची आणि तिच्या मर्यादेचीही खूण तिच्या मोठ्या शब्दांत नसून एका अगदी लहान शब्दात आहे. तो शब्द म्हणजे इंग्रजी भाषेतील प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम ‘वी’.

२

मराठी भाषकाला ह्या सर्वनामाची अडचण चटकन जाणवते, कारण त्याच्या भाषेत त्या जागी दोन शब्द आहेत. ‘आम्ही उद्या जाणार’ असे म्हटले की ऐकणारा त्या जाण्यातून वगळला जातो. ‘आपण उद्या जाऊ’ असे म्हटले की तो त्यात सामील होतो. पहिले सर्वनाम श्रोत्याला बाहेर ठेवणारे, म्हणजे व्यावर्तक. दुसरे श्रोत्याला आत घेणारे, म्हणजे समावेशक. शिवाय ‘आपण बसावे’ ह्यासारख्या प्रयोगात हेच दुसरे सर्वनाम श्रोत्याला आदर दाखविण्यासाठीही वापरले जाते. श्रोत्याला सामील करणे आणि श्रोत्याला मान देणे ही दोन्ही कामे मराठीत एकाच शब्दाकडे यावीत, हे मननीय आहे.

इंग्रजीत हा भेद नाही. तेथे ‘वी’ म्हटले की श्रोता आत की बाहेर हे वाक्याच्या संदर्भावरून, आणि पुष्कळदा बोलणाराच्या मर्जीवरून, ठरते. एमील बाँव्हनिस्त ह्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९४६ च्या एका निबंधात असे दाखविले की, प्रथमपुरुषी अनेकवचन हे ‘मी’चे साधे अनेकवचन नव्हेच, अनेक ‘मी’ एकत्र येत नाहीत, तर एका ‘मी’ला ‘मी’ नसलेले कोणीतरी जोडले जाते. हे जोडले गेलेले कोण, ‘तू’ की ‘ते’, ह्यावर समावेशक व व्यावर्तक असा भेद उभा राहतो. राजकीय भाषणाच्या समीक्षेत ह्या विवेचनाचे महत्त्व मोठे आहे. कोणत्याही वक्त्याच्या ‘वी’समोर उभे राहून, ह्यात कोण जोडले गेले आणि कोण सुटले, असा प्रश्न विचारता येतो, आणि मराठी भाषांतरकाराला तर तो पदोपदी विचारावाच लागतो.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. ज्या लोकांवर हे युद्ध लादले गेले त्यांच्या भाषेत, मराठीप्रमाणेच, हा भेद आहे. व्हिएतनामी भाषेत ‘चुंग ता’ म्हणजे आपण आणि ‘चुंग तोइ’ म्हणजे आम्ही. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोई येथे हो ची मिन्ह ह्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली तिचा प्रारंभ १७७६ च्या अमेरिकन जाहीरनाम्याच्या आधाराने झाला, हे प्रसिद्ध आहे. त्या घोषणेत परक्या सत्तेने केलेल्या अन्यायांचा पाढा वाचताना ‘आपला देश’, ‘आपली जनता’ अशी समावेशक रूपे येतात. जगातील राष्ट्रांना उद्देशून हंगामी सरकार बोलू लागते तेव्हा ‘चुंग तोइ’, म्हणजे ‘आम्ही’, हे रूप येते. कोणाशी बोलत आहोत हे त्या भाषेला प्रत्येक वेळी ठरवावे लागते. अमेरिकेतील वाद मात्र, युद्ध करणाऱ्यांचा काय आणि युद्धाला विरोध करणाऱ्यांचा काय, ह्या बाबतीत संदिग्ध अशा एकाच शब्दाच्या आश्रयाने चालला.

३

युद्धाच्या आरंभी हा शब्द पूर्णपणे सरकारच्या ताब्यात होता. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातील घटनांनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांनी युद्धाचा विस्तार नको असल्याची ग्वाही दिली तीही ‘वी’ ह्या सर्वनामानेच. आणि ७ ऑगस्ट रोजी त्यांना लष्करी कारवाईचे व्यापक अधिकार देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ अशा मतांनी संमत झाला. विरोध करणारे दोघे म्हणजे वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग. राष्ट्र म्हणजे ‘आपण’, आणि त्या ‘आपण’च्या वतीने बोलणारा एकच. अशा स्थितीत विरोधकाला दोनच मार्ग उरतात : ह्या ‘आपण’मधून बाहेर पडून ‘आम्ही’ म्हणणे, किंवा आत राहून त्या ‘आपण’चा अर्थ बदलणे. चळवळीचा पुढील सर्व इतिहास ह्या दोन मार्गांमधील ओढाताणीचा आहे.

मार्च १९६५ मध्ये दा नांग येथे अमेरिकन नौसैनिक उतरले आणि त्याच महिन्यात मिशिगन विद्यापीठातील काही अध्यापकांनी वर्ग बंद ठेवून निषेध करण्याचे ठरविले. त्यावर राज्यपाल व विधिमंडळाकडून कडक टीका झाली. तेव्हा मार्शल सालिन्स ह्या मानववंशशास्त्रज्ञाने सुचविले की, वर्ग बंद करण्याऐवजी रात्रभर अधिक वर्ग घ्यावेत. २४ मार्चच्या रात्री अ‍ॅन आर्बर येथे सुरू झालेल्या त्या व्याख्याने-चर्चांना तीन हजारांहून अधिक लोक आले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९६० पासून गाजविलेल्या ‘सिट-इन’ ह्या शब्दाच्या धर्तीवर त्याला ‘टीच-इन’ असे नाव मिळाले, आणि थोड्याच आठवड्यांत ते अनेक विद्यापीठांत पसरले.

ह्या शब्दबदलाकडे बहुधा एक तडजोड म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यात व्याकरणच बदलले. संपात ‘आम्ही’ बोलतो आणि बाकीचे त्याच्या विरुद्ध किंवा बाजूने उभे राहतात. वर्गात शिकविणारा आणि शिकणारा मिळून ‘आपण’ होतो. अ‍ॅन आर्बरच्या त्या रात्री युद्धाचे समर्थकही आले होते आणि त्यांनाही प्रश्न विचारता येत होते. युद्धाविषयी शंका असलेल्या पण निषेध करण्याइतपत खात्री न झालेल्या माणसाला उभे राहण्यासाठी येथे प्रथमच एक जागा मिळाली.

४

पुढल्याच महिन्यातील वॉशिंग्टनच्या मोर्चात ‘स्टुडंट्स फॉर अ डेमोक्रॅटिक सोसायटी’ ह्या संघटनेचे अध्यक्ष पॉल पॉटर ह्यांनी केलेले भाषण ह्या काळातील सर्वांत प्रगल्भ भाषण म्हणून ओळखले जाते, आणि ते योग्यच आहे. युद्ध हा एखाद्या दुष्ट माणसाचा खेळ नसून त्याच्या मुळाशी एक व्यवस्था आहे, त्या व्यवस्थेला नाव दिले पाहिजे, तिचे वर्णन व विश्लेषण करून ती बदलली पाहिजे, असे त्यांनी मांडले. विशेष हे की, व्हिएतनाममधील लोक आणि वॉशिंग्टनमध्ये जमलेले लोक ह्यांना अडविणारी व्यवस्था एकच आहे असे सांगून त्यांनी ह्या दोघांना एका धाग्यात ओवले. म्हणजे त्यांच्या ‘वी’मध्ये दूरचा व्हिएतनामी शेतकरी सामील होता. कोण सामील नव्हता? ज्याचा मुलगा सैन्यात आहे, ज्याचा राष्ट्राध्यक्षांवर अद्याप विश्वास आहे, आणि जो त्या व्यवस्थेतच आपले पोट भरतो, असा शेजारी. मराठीत ह्या भाषणाचा अनुवाद करताना ‘आपण’ हा शब्द क्षितिजापलीकडच्या माणसासाठी वापरावा लागेल आणि रस्त्यापलीकडच्या माणसाला उद्देशून ‘आम्ही’ म्हणावे लागेल.

सक्तीच्या लष्करभरतीचा प्रश्न तीव्र झाल्यावर हा ‘आम्ही’ आणखी आकुंचित झाला. ‘हेल नो, वी वोन्ट गो’ ही घोषणा यमकामुळे आणि ठेक्यामुळे गाजली. पण तिच्यातील ‘वी’ निःसंशय व्यावर्तक आहे. भरतीच्या वयाचे तरुण एवढाच त्याचा अर्थ. ती ऐकणारी आई, शिक्षिका किंवा गिरणीकामगार ह्यांना तिच्यात स्थान नाही. आणि ज्यांची मुले विद्यापीठात नसल्यामुळे सवलतीला मुकून आधीच गेली होती, त्यांना ती घोषणा उद्दामही वाटू शके. ह्याच्या उलट, २८ एप्रिल १९६७ रोजी मुहम्मद अली ह्यांनी सैन्यात दाखल होण्याचे नाकारले ते ‘मी’ ह्या एकवचनात. त्यांचे अजिंक्यपद काढून घेतले गेले, शिक्षा झाली, आणि २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. समूहाच्या नावाने बोलण्याचा हक्क न सांगणाऱ्या ह्या एकवचनाला जी नैतिक वजनदारी लाभली ती अनेक सामुदायिक घोषणांना लाभली नाही.

४ एप्रिल १९६७ रोजी न्यू यॉर्क येथील रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी केलेले भाषण सर्वनामांच्या दृष्टीने सर्वांत कठीण व सर्वांत धीट आहे. त्यात ते प्रथम आपल्या विरोधाची सात कारणे ‘मी’ म्हणून सांगतात. नंतर व्हिएतनामी लोकांच्या जागी उभे राहून, त्यांना अमेरिकन माणूस कसा दिसत असेल ह्याचे वर्णन करतात. येथे ‘ते’ पाहणारे आहेत आणि ‘आपण’ पाहिले जाणारे. शेवटी, हे युद्ध सुरू ठेवण्यात पुढाकार आपला आहे, म्हणून ते थांबविण्याचा पुढाकारही आपलाच असला पाहिजे, अशा निष्कर्षावर ते येतात. पॉटर ह्यांनी शेजाऱ्याला बाहेर ठेवून व्हिएतनामी माणसाला आत घेतले होते. किंग ह्यांनी दोघांनाही सोडले नाही. त्यांच्या ‘आपण’मध्ये अपराधी आणि उपदेशक एकच आहेत. परंतु अशा सर्वनामाची किंमत मोठी असते. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ ह्या दोन्ही प्रमुख वृत्तपत्रांनी अग्रलेखांतून त्या भाषणावर टीका केली. अपराधाचे ‘आपण’ स्वीकारायला समाज अजून तयार नव्हता.

त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला पेंटागॉनवर मोर्चा गेला. त्यात अटक झालेले कादंबरीकार नॉर्मन मेलर ह्यांनी ‘द आर्मीज ऑफ द नाइट’ ह्या १९६८ च्या ग्रंथात त्या दिवसाचे वर्णन करताना स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी केला, ही गोष्ट वाङ्मयीन लहर म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ‘आम्ही’ म्हणावे तर मोर्चातील तरुणांची भाषा त्यांची नव्हती; ‘आपण’ म्हणावे तर रायफल घेऊन समोर उभा असलेला सैनिक त्यात बसत नव्हता. प्रथमपुरुषी अनेकवचन दोन्ही बाजूंनी अडलेले असल्यामुळे लेखकाने ‘तो’चा आश्रय घेतला. १९६७ च्या अखेरीस चळवळ नेमकी ह्याच अडचणीत होती.

५

येथे एका महत्त्वाच्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. जॉन म्यूलर ह्या राज्यशास्त्रज्ञाने १९७३ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की, युद्धाला असलेला लोकांचा पाठिंबा अमेरिकन बळींची संख्या वाढत गेली तसतसा घटत गेला, आणि १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धातही, कोणतीही मोठी चळवळ नसताना, तो अशाच रीतीने घटला होता. गॅलप संस्थेच्या लोकमत-चाचणीत सैन्य पाठविणे ही चूक होती असे म्हणणारे ऑगस्ट १९६५ मध्ये सुमारे २४ टक्के होते. ऑगस्ट १९६८ मध्ये ते निम्म्यापेक्षा अधिक झाले. ह्याच काळात निदर्शकांविषयी सामान्य माणसाला अप्रीतीच होती. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागो येथे पोलिसांनी निदर्शकांना केलेल्या मारहाणीचे बहुसंख्य लोकांनी समर्थन केले. मग चळवळीच्या भाषेने साधले काय?

आक्षेप बळकट आहे आणि त्याचा पहिला भाग मान्य करावा लागतो. अविश्वास निर्माण केला तो शवपेट्यांनी, घोषणांनी नव्हे. परंतु अविश्वास वाटणे आणि तो चारचौघांत बोलून दाखविणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरियन युद्धाविषयीचा अविश्वास बव्हंशी घरातच राहिला. व्हिएतनामविषयीचा अविश्वास रस्त्यावर आला, कारण त्याला उच्चारता येईल असे सर्वनाम मिळाले. गॅलपचा प्रश्नही ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ‘आपण’ लढाईत उतरल्यापासूनच्या घडामोडी लक्षात घेता चूक झाली असे वाटते का, अशा आशयाचा तो प्रश्न होता. तो उत्तर देणाऱ्याला राष्ट्राच्या ‘आपण’मधून बाहेर पडायला लावत नाही, आत राहूनच ‘चूक’ म्हणण्याची मुभा देतो. १९६८ मध्ये अशी मुभा घेणारे निम्मे राष्ट्र होते, पण त्यांच्या मनातील वाक्य मोर्चात कोणी बोलत नव्हते. चळवळीपुढे प्रश्न होता तो हे वाक्य शोधण्याचा.

६

ऑक्टोबर १९६९ मध्ये ह्या प्रश्नाला एकाच वेळी दोन उत्तरे दिली गेली. विद्यार्थी-संघटनेतून फुटलेल्या जहाल गटाने ८ ऑक्टोबरपासून शिकागो येथे चार दिवसांची चकमक योजिली. ‘ब्रिंग द वॉर होम’, युद्ध घरी आणा, ही त्यांची घोषणा. तिला प्रतिसाद देऊन जमले ते काही शेच. त्यानंतर एका आठवड्यात, १५ ऑक्टोबर रोजी, देशभर ‘मोरेटोरियम’ पाळण्यात आला आणि त्यात सुमारे वीस लाख लोकांनी भाग घेतला असा अंदाज केला जातो.

‘मोरेटोरियम’ ह्या कल्पनेचा जन्मही संपाच्या कल्पनेतून झाला होता. जेरोम ग्रॉसमन ह्या बोस्टनमधील उद्योजकाने, ऑक्टोबरपर्यंत युद्ध न थांबल्यास सार्वत्रिक संप करावा, असे सुचविले होते. सॅम ब्राउन आदी तरुण संघटकांनी ‘संप’ हा शब्द काढून त्याच्या जागी कर्जफेडीच्या कायदेशीर स्थगितीसाठी वापरला जाणारा हा शब्द घातला. अ‍ॅन आर्बरमध्ये साडेचार वर्षांपूर्वी जे घडले तेच येथे पुन्हा, पण राष्ट्राच्या प्रमाणावर, घडले. नेहमीची कामे थोडा वेळ थांबवावयाची, एवढीच मागणी असल्यामुळे दंडावर काळी फीत लावणारा कारकून, चर्चची घंटा वाजविणारा धर्मगुरू, मेणबत्ती घेऊन उभी राहणारी गृहिणी हे सर्व त्यात आले. अनेक ठिकाणी युद्धात पडलेल्या सैनिकांची नावे वाचण्यात आली. ‘युद्ध घरी आणा’ आणि ‘मुलांना घरी आणा’ ह्या दोन घोषणांत क्रियापद तेच आहे, ‘घर’ही तेच आहे, कर्म तेवढे बदलले आहे. पण दुसऱ्या घोषणेतील ‘मुले’ ही ऐकणाऱ्याची मुले आहेत. कर्म बदलल्याबरोबर श्रोता वाक्याच्या आत आला.

ह्या बदलाचे सामर्थ्य कोणी ओळखले असेल तर राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांनी. ३ नोव्हेंबरच्या आपल्या भाषणात त्यांनी ‘मौन बहुसंख्याकां’ना थेट संबोधून पाठिंबा मागितला. हे संबोधन कौशल्याचे होते. न बोलणे हेच ज्याचे लक्षण, असा एक समूह त्यांनी निर्माण केला. त्यामुळे जो बोलला तो आपोआप त्या समूहातून बाहेर पडला. चळवळीने कष्टाने मिळविलेले ‘आपण’ पुन्हा ‘आम्ही’च्या कोपऱ्यात ढकलण्याचा हा प्रयत्न होता आणि तो काही अंशी सफलही झाला.

त्याला चळवळीने दिलेले उत्तर घोषणेच्या रूपात नव्हते. १३ नोव्हेंबरच्या संध्याकाळपासून आर्लिंग्टनच्या दफनभूमीजवळून संसदभवनापर्यंत एकामागून एक माणसे चालत गेली. प्रत्येकाच्या गळ्यात एक फलक आणि फलकावर एक नाव : एखाद्या मृत अमेरिकन सैनिकाचे, किंवा व्हिएतनाममधील उद्ध्वस्त झालेल्या एखाद्या खेड्याचे. व्हाइट हाउससमोर ते नाव उच्चारावयाचे आणि पुढे जाऊन तो फलक शवपेटीत ठेवावयाचा. चाळीस हजारांहून अधिक लोक असे चालले. सर्वनामांचा वाद येथे विशेषनामाने मिटविला. मृताचे नाव हे ना ‘आमचे’ ना ‘त्यांचे’. ते उच्चारणारा आणि ऐकणारा दोघेही त्या क्षणापुरते एका बाजूला येतात. मौन बाळगणाऱ्याच्या मुलाचे नावही त्या फलकांत असू शकत होते.

७

ह्या वाटचालीचा शेवटचा टप्पा म्हणजे एप्रिल १९७१. युद्धावरून परत आलेल्या सैनिकांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेचे शेकडो सदस्य त्या महिन्यात वॉशिंग्टनला आले. २२ एप्रिल रोजी जॉन केरी ह्यांनी सिनेटच्या परराष्ट्रव्यवहार समितीपुढे साक्ष दिली. आपण एक व्यक्ती म्हणून आलो नसून परतलेल्या सैनिकांच्या वतीने बोलत आहोत, असे त्यांनी आरंभीच सांगितले. म्हणजे त्यांच्या ‘वी’चा पहिला अर्थ ‘आम्ही सैनिक’ असा आहे. पण साक्ष पुढे जाते तसा हा अर्थ नकळत पालटतो. चूक मान्य करावी लागू नये म्हणून रोज कोणाला तरी प्राण द्यावे लागत आहेत, आणि चुकीखातर मरणारा शेवटचा माणूस हो, असे कोणाला कसे सांगावयाचे, असे ते विचारतात तेव्हा ती चूक सैनिकांची राहत नाही, समितीची राहत नाही, सर्व राष्ट्राची होते. १९६७ मध्ये किंग ह्यांच्या मुखातून जे अपराधाचे ‘आपण’ समाजाला ऐकवेना, ते १९७१ मध्ये ज्याच्या हातांनी युद्ध लढले गेले त्याच्या मुखातून ऐकले गेले. दुसऱ्या दिवशी सैनिकांनी आपली पदके संसदभवनाच्या पायऱ्यांकडे भिरकावून दिली. पुष्कळांनी तसे करताना गमावलेल्या सोबत्यांची नावे घेतली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात युद्ध ही चूक होती असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते.

विद्यार्थी, धर्मोपदेशक, गृहिणी, सैनिक असा वक्त्यांचा हा क्रम पाहिला की चळवळीच्या वाढीचे स्वरूप स्पष्ट होते. तिची भाषा अधिक कडक होत गेली म्हणून ती वाढली नाही. ‘आपण’ म्हणण्याचा अधिकार असलेली माणसे एकामागून एक बोलू लागली म्हणून ती वाढली.

८

परंतु समीक्षेने येथेच थांबणे योग्य होणार नाही. आर्लिंग्टनहून निघालेल्या फलकांकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. अमेरिकन मृताचे तेथे व्यक्तिनाम होते. व्हिएतनामी मृतांचे गावाचे नाव. ह्याला सबळ कारण होते, कारण ती व्यक्तिनामे अमेरिकेत कोणापाशी नव्हतीच. तथापि ह्या एका बाबीत चळवळीच्या ‘आपण’ची सीमा दिसते. एका बाजूला एकेक माणूस, दुसऱ्या बाजूला अख्खे खेडे. ज्या सर्वनामाने रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याला आत घेतले, त्याने समुद्रापलीकडच्या माणसाला दाराशीच उभे केले. पॉटर ह्यांच्या लहान ‘आम्ही’मध्ये त्याला जी जागा होती ती ह्या मोठ्या ‘आपण’मध्ये उरली नाही.

हा केवळ शब्दांचा हिशेब नव्हे. ‘मुलांना घरी आणा’ हे वाक्य मुले घरी आली की संपते. १९६९ च्या वसंतात व्हिएतनाममध्ये पाच लाख चाळीस हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक होते. पुढे ती संख्या वेगाने उतरत गेली, आणि एप्रिल १९७१ नंतर तेवढी मोठी निदर्शने पुन्हा झाली नाहीत. डिसेंबर १९७२ मध्ये हनोई आणि हायफाँगवर अत्यंत तीव्र बाँबवर्षाव झाला तेव्हाही झाली नाहीत. २७ जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारानंतर अमेरिकेचे युद्ध संपले. व्हिएतनामी लोकांचे ३० एप्रिल १९७५ पर्यंत चालू राहिले.

ह्या संदर्भात, त्याच काळी कलकत्त्याच्या रस्त्यांवर घुमलेल्या ‘आमार नाम, तोमार नाम, व्हिएतनाम’ ह्या घोषणेचे स्मरण होते. इंग्रजीप्रमाणेच बंगालीतही ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद नाही. पण त्या घोषणेने अनेकवचनाचा आश्रयच घेतला नाही. ‘माझे’ आणि ‘तुझे’ ही दोन्ही एकवचने शेजारी ठेवून तिने तिसऱ्याचे नाव दोघांना दिले. म्हणजे जो भेद भाषेच्या व्याकरणात नव्हता तो वाक्यरचनेने साधला. कलकत्त्यातून कोणी त्या युद्धावर गेले नव्हते, त्यामुळे असे म्हणणे तेथे तुलनेने सोपे होते, हेही मान्य केले पाहिजे. ज्याचा मुलगा त्या युद्धात आहे अशा बापाला हे वाक्य म्हणायला लावणे ही वेगळीच गोष्ट आहे. किंग ह्यांनी तेच करून पाहिले, म्हणूनच त्यांचे भाषण, त्याच्या तात्कालिक अपयशासह, ह्या सर्व वाङ्मयात श्रेष्ठ ठरते.

वॉशिंग्टन येथे १३ नोव्हेंबर १९८२ रोजी अर्पण केलेल्या स्मारकाच्या काळ्या भिंतीवर अठ्ठावन्न हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार त्या बाजूचे सुमारे अकरा लाख लढवय्ये आणि वीस लाख नागरिक मरण पावले. पहिली गोष्ट नावांनी सांगितली जाते, दुसरी आकड्यांनी. १९६९ च्या फलकांवरील भेद त्या भिंतीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

युद्धविरोधी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याने म्हणून दोन प्रश्न नेहमी जोडीने विचारावेत. ह्या वाक्यात माझ्या शेजाऱ्याला जागा आहे काय, आणि ज्याच्यावर युद्ध लादले आहे त्याला आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर चळवळ वाढत नाही. दुसऱ्याचे नकारार्थी असेल तर ती वाढते, पण वेळेआधी संपते. मराठी भाषकाला हे प्रश्न विचारण्याचे साधन त्याच्या बोलण्यातच मिळालेले आहे. परकीय भाषणांच्या अनुवादात आणि स्वकीय भाषणांच्या समीक्षेतही ‘आम्ही’ कोठे आले आणि ‘आपण’ कोठे, ह्याची नोंद ठेवण्याची शिस्त विद्यार्थ्यांनी अंगी बाणवावी, एवढे ह्या विवेचनाचे फलित मानण्यास हरकत नाही.